आणंदचें दूध

आमची आजी गिरगांवांतल्या चाळींत ज्या दारांत उभी राहून दूध घेत असे, त्या दाराच्या चौकटीवर कोळशाच्या रेघा असत. खाडा झाला कीं आडवी रेघ, दूध पातळ आलें कीं उभी. महिनाअखेरीस भय्या हिशेबाला बसला म्हणजे ह्या रेघांवरून जें रणकंदन माजे, त्याला शेजारच्या दोन्ही बिऱ्हाडांतून प्रेक्षकवर्ग लाभत असे. उभ्या रेघांचे पैसे कापून घेतल्याखेरीज आजीनें कधीं हिशेब चुकता केला नाहीं. पुढें आरेच्या बाटल्या आल्या, दुधाचें कार्ड आलें, पहाटेच्या रांगा आल्या. परंतु दूध ही वस्तु आपल्या उंबरठ्यावरच उत्पन्न होते, हा आमचा समज कांहीं ढळला नाहीं. त्या उंबरठ्यापलीकडे चारशेंहून अधिक किलोमीटर लांबीचा रस्ता आहे, हें ध्यानांत येण्यास आमच्या वयाचीं पाऊणशें वर्षें खर्चीं पडलीं.

तो रस्ता गुजराथेंतील तेव्हांच्या खेडा जिल्ह्यांत, आणंदला जातो. १९४५ सालीं मुंबई सरकारनें शहराला दूध पुरविण्याची एक योजना काढली आणि आणंदहून दूध आणण्याचें काम पोल्सन कंपनीकडे सोंपविलें. मुंबईला दूध हवें होतें, आणि तें स्वस्त हवें होतें. सरकारचें समाधान झालें, कंपनीचें झालें, मधल्या अडत्यांचें तर फारच झालें. राहिला तो म्हैस पाळणारा. गाऱ्हाणें घेऊन शेतकरी वल्लभभाई पटेलांकडे गेले, तेव्हां त्यांनीं अर्ज-विनंत्यांची वाट दाखविली नाहीं. स्वतःची सहकारी डेअरी मागा, आणि ती मिळत नसेल तर दूध देऊं नका, असा त्यांचा सल्ला होता. त्यांनीं मोरारजी देसायांना तिकडे धाडलें, व ४ जानेवारी १९४६ रोजीं समरखा गांवीं सभा होऊन त्याप्रमाणें ठरलें.

पंधरा दिवस खेड्याचें दूध मुंबईस आलें नाहीं. इतिहासाच्या पुस्तकांत हें एका ओळींत आटोपतें. परंतु गिरणीचा संप आणि दुधाचा संप ह्यांत मोठें अंतर आहे. गिरणीचें यंत्र बंद ठेवतां येतें. म्हैस बंद ठेवतां येत नाहीं. संप असो वा नसो, तिला सकाळ-संध्याकाळ वैरण घालावी लागते आणि सकाळ-संध्याकाळ तिची धार काढावी लागते. आणि निघालेलें दूध दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाहीं. घरांतलें एकुलतें एक रोकड उत्पन्न डोळ्यांदेखत मातींत ओतणारीं तीं माणसें कांहीं सुखवस्तु नव्हतीं. आमच्या आजीला ह्यांतलें कांहीं ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तिचा न्याय उंबरठ्यावरचा होता, आणि स्वस्त दुधाची ओढ ज्या घरांना होती त्यांत आमचेंहि घर होतें, हें येथें कबूल करावयास हवें.

शेवटीं मुंबईचे दूध-आयुक्त जातीनें आणंदला गेले आणि मागणी मान्य झाली. १४ डिसेंबर १९४६ रोजीं खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. १९४८ च्या जूनमध्यें काम सुरू झालें तेव्हां दोन गांवच्या मंडळ्या होत्या आणि दिवसाचें दूध सुमारें अडीचशें लिटर. एखाद्या मध्यम हलवायाची भट्टीहि ह्याहून अधिक दूध आटवीत असेल!

संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल हे स्वातंत्र्याच्या चळवळींत तुरुंग पाहिलेले, खादीधारी, गांवोगांव पायीं हिंडणारे गृहस्थ. त्यांना १९४९ च्या मे महिन्यांत एक साहाय्यक लाभला तो अगदींच विजोड. कालिकतला जन्मलेला हा ख्रिस्ती तरुण, व्हर्गीज कुरियन, सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेंत मिशिगनला शिकून आलेला. त्या शिष्यवृत्तीची फेड म्हणून सरकारनें त्याला आणंदच्या सरकारी डेअरींत आणून टाकलें होतें, आणि तो सुटकेचे दिवस मोजीत होता. दूध तर त्याला आवडतच नसे, व पुढें जन्मभर त्यानें तें न आवडल्याचें लपविलेंहि नाहीं. सुटका झाली, सामान बांधलें, आणि त्रिभुवनदासांनीं जुनी यंत्रें मार्गीं लावण्यापुरतें थांबा म्हटलें, म्हणून तो थांबला. २०१२ सालीं तो मरण पावला तो आणंदजवळच, नडियादला.

तिसरे हरिचंद दलाया. ह्यांचें नांव आमच्याकडे कोणी घेत नाहीं, तें घ्यावयास हवें. हिंवाळ्यांत म्हशी भरपूर दूध देत, मुंबईला तितकें नको असे, आणि उरल्या दुधाचें करावें काय हा प्रश्न संघाच्या जिवावर बेतणारा होता. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊं शकत नाहीं, असें परदेशी तज्ज्ञ छातीठोकपणें सांगत. त्यांच्याकडे सर्व कारभार गाईचा. दलायांनीं ती करून दाखविली. १९५५ च्या ३१ ऑक्टोबरला, सरदारांच्या जन्मदिनीं, पंडित नेहरूंनीं भुकटीच्या कारखान्याचें उद्घाटन केलें. पुढें मालाला अमूल हें नांव मिळालें. हिंवाळ्यांतलें दूध परत घरीं न्यावें लागत नाहीं, ही एवढीच गोष्ट म्हैसवाल्याच्या दृष्टीनें साऱ्या उद्घाटनांहून मोठी होती.

दोन वर्षांमागें आम्ही आणंदजवळच्या एका गांवीं संध्याकाळच्या वेळीं दूध-मंडळीच्या ओट्यावर जाऊन बसलों. कोणी पितळेची चरवी, कोणी स्टीलची बरणी घेऊन येत होतें. येईल त्या क्रमानें रांग. पुढारी आधीं आणि मजूर मागाहून असा प्रकार नाहीं. भांडें रिकामें झालें कीं यंत्रावर वजन आणि फॅट ह्यांचे आंकडे उमटत, आणि त्याबरोबर पैशांचा आंकडा छापलेली चिठ्ठी हातीं येई. चिठ्ठी वाचतांना रांगेंतल्या एका बाईंच्या कपाळाला किंचित् आंठी पडली, तेव्हां आम्ही विचारलें, "कां हो बेन, आज कमी भरलें?"

"फॅट उतरलें, काका," त्या म्हणाल्या. "काल रेडकूं गेलें. म्हैस धड खात नाहीं."

आजीची उभी रेघ आम्हांस तेथें आठवली. दूध पातळ येण्यास पाण्याखेरीज आणखी कारणें असूं शकतात, हें गिरगांवांत कधीं कोणाच्या डोक्यांत आलें नव्हतें. मंडळीचें सभासदत्व कोणाच्या नांवावर, म्हणून विचारलें, तर उत्तर आलें, "घरच्यांच्या." धार त्या काढतात, शेण त्या उचलतात, ओट्यावर त्या येतात, भाग मात्र पतीच्या नांवावर. अनेक गांवीं अजून हेंच आहे, आणि ह्या थोर कहाणींतलें हें न्यून झांकून ठेवण्यांत आम्हांस कांहीं मौज वाटत नाहीं.

पुढचा विस्तार वाचकांना बहुतांशीं ठाऊक आहे. १९७० पासून दुग्धमहापुराची योजना, १९७३ सालीं गुजराथेंतील संघांचा महासंघ. आज त्याच्या छत्राखालीं १८ हजारांहून अधिक गांवें आणि ३६ लाख उत्पादक आहेत, माल सुमारें ५० देशांत जातो, व २०२३-२४ सालची उलाढाल ५९ हजार कोटी रुपयांवर गेली. २०२४ सालीं अमूलचें ताजें दूध अमेरिकेंत विकण्यास आरंभ झाला. तें दूध तेथल्याच गाईंचें, आणि तें भरून देणारी संस्था मिशिगनची, तीहि शंभरांहून अधिक वर्षांची शेतकऱ्यांची सहकारी संस्था. कुरियन आणि दलाया जेथें शिकले तें हेंच मिशिगन! पण न्यूयॉर्कच्या दुकानांतल्या त्या बाटलींत ह्या ओट्यावरच्या बाईंचा भाग किती, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. गिऱ्हाइकाच्या रुपयांतले सुमारें ८० पैसे उत्पादकाला पोंचतात असें महासंघ सांगतो, आणि खाजगी व्यापारांत इतकें पोंचत नाहीं हें खरें. परंतु मालकी म्हणजे केवळ पैसे नव्हेत. दोन गांवांची मंडळी असतां प्रत्येक सभासदाला अध्यक्षाचा चेहरा ओळखूं येई. ३६ लाखांत तो टीव्हीवर दिसतो. आमच्या महाराष्ट्रांत सहकार म्हटलें कीं ऊस आठवतो आणि पाठोपाठ निवडणूक आठवते, त्यामुळें ही धास्ती आम्हांस अधिक वाटत असेल. त्या ओट्यावर मात्र मोजमाप उघड्यावर होतें, आणि चिठ्ठी वाचणाऱ्या बाईंना ती वाचतां येत होती.

२०२४ च्या जूनमध्यें दुधाची पिशवी लिटरमागें दोन रुपयांनीं महागली, त्या दिवशीं सकाळीं सूनबाईंनीं वर्तमानपत्र आमच्यापुढें ठेवलें आणि रोजची एक पिशवी कमी करावी काय, असें विचारलें. "तुमची ती आणंदची बाई," त्या म्हणाल्या, "तिला ह्यांतलें मिळेल ना?"

आम्ही हिशेब करूं लागलों. दोन रुपयांतले ८० टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. त्यांत पेंड महाग झालेली. एवढ्यांत चहा निवाला, आणि तो पुन्हां तापवावा लागला.