गाडीखालचा पुठ्ठा

शारजात राहणाऱ्या आपल्या मंडळींना रोलाचा बाजार पाठ असतो, अल मजाजचं कारंजं आवडतं, आणि खोरफक्कानचा समुद्र तर पाहुण्यांसाठी राखूनच ठेवलेला असतो. इंडस्ट्रियल एरियात मात्र आपण जातो ते गाडी अडली तरच. खरं तर तो भाग निवांत पाहण्यासारखा आहे. रस्त्यांना नावं कमी, आकडेच जास्त. पत्र्याच्या शटरआड ओळीने गॅरेजं, मध्येच जुन्या जपानी गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकानं आणि कोपऱ्यावर कडक चहाची टपरी. पंजाबी, पश्तो, मल्याळम, बंगाली अशा सगळ्या भाषा कानावर पडतात, पण व्यवहार चालतो तो हिंदी-उर्दूत.

यंदा जूनमध्ये माझ्या गाडीच्या कूलंटच्या डब्यातली पातळी दर आठवड्याला बोटभर खाली जात होती. आई-बाबा भारतातून आले होते आणि त्यांना डोंगरातून खोरफक्कानला न्यायचं होतं. २०१९ साली खुल्या झालेल्या त्या रस्त्यावर पाच बोगदे आहेत, चढही आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सत्तरीच्या माणसांना घेऊन वाफा सोडणाऱ्या गाडीशेजारी उभं राहायची माझी तयारी नव्हती.

आमच्या इमारतीपुढे पार्किंग म्हणजे रेतीचं मैदान. थेंब पडला की रेती तो पिऊन टाकते. म्हणून पेशावरकडच्या एका उस्तादने पहिलं औषध सांगितलं ते फुकटाचं. “भाईजान, रात को नीचे गत्ता बिछाओ, सुबह ले आओ.” मोठ्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून गाडीखाली सरकवायचा, त्यावर पुढची चाकं कुठे आली त्याची खूण करायची आणि सकाळी डाग वाचायचे.

हे वाचन कसं करायचं, ते उस्तादने उभ्या उभ्या शिकवलं. समोरच्या सीटच्या पायाशी, बहुधा प्रवाशाच्या बाजूला, नितळ आणि बिनवासाचं पाणी पडलं असेल, तर ते एसीचं. इथल्या दमट उन्हाळ्यात ते पडायलाच हवं. उलट ते बाहेर पडत नसेल आणि आतला गालिचा ओला होत असेल, तर निचऱ्याची नळी धुळीने तुंबली असं समजायचं. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचा डाग कूलंटचा. तो विषारी असतो, त्यामुळे मुलं आणि गल्लीतली मांजरं त्याच्यापासून दूर ठेवायची. तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा. लालसर असेल तर बहुतेक वेळा गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, पातळ, निसरडं काही दिसलं तर ते ब्रेकचं तेल असू शकतं. अशी गाडी चालवायची नाही, रिकव्हरी बोलवायची. पेट्रोलचा वास आला तरी तेच.

माझ्या पुठ्ठ्यावर उजवीकडे पाण्याचा मोठा डाग होता आणि अगदी पुढे रुपयाएवढा गुलाबी. उस्ताद म्हणाला, पडतं तिथेच गळतं असं नाही. चालत्या गाडीत वारा थेंब मागे नेतो आणि उतार त्याला खाली आणतो. म्हणून सर्वांत खालचा नाही, सर्वांत वरचा ओला भाग शोधायचा. त्याने इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि ते उसळून अंगावर येतं. मग त्याने रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला आणि झाकणावर लिहिलेल्या १.१ बारपर्यंत दाब नेला. काटा हळूहळू खाली येऊ लागला. चितगावकडच्या त्याच्या मदतनीसाने टॉर्च घेऊन शोधलं: वरच्या होजच्या तोंडाशी सुकलेली गुलाबी खपली. तिथे रबर कडक होऊन बारीक चिरलं होतं आणि क्लिप सैल झाली होती.

त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजने पुठ्ठा न पाहताच अख्खा रेडिएटर बदलायला सांगितलं होतं. इथे काम निघालं ते नवीन होज, दोन क्लिपा आणि ताजं कूलंट एवढंच. पुन्हा दाब दिला तेव्हा काटा जागचा हलला नाही.

चहा घेताना मी गळती थांबवणाऱ्या बाटलीबद्दल विचारलं. उस्ताद हसला. ते रसायन चीर बुजवतं, तसंच रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकतं. रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरतं ठीक. मग म्हणाला, इथले लोक तीच बाटली जास्त मागतात. सगळ्यांना वाटतं, एक-दोन वर्षांत गाडी विकून गावी जायचंय, तेवढं निभलं म्हणजे झालं. तो स्वतः एकोणीस वर्षांपूर्वी दोन वर्षांसाठी आला होता.

हे आपल्यालाही लागू आहे. “पुढच्या वर्षी परत जायचंच आहे” म्हणत आपण पडदे शिवत नाही, दाढ भरून घेत नाही, गाडीचा होज बदलत नाही. वर्षं मात्र इथेच जातात, आणि त्याच गाडीत मागे आपली मुलं बसलेली असतात.

खोरफक्कानला आम्ही पहाटे निघालो. चढावर तापमानाचा काटा मधोमध होता. बाबा प्रत्येक बोगद्यात मोठ्याने आकडा मोजत होते, आणि पाचवा संपल्यावर समोर समुद्र दिसेपर्यंत आई खिडकीतून नुसते डोंगर पाहत राहिली.