दुसरा तवा

आमच्या घरात दोन तवे होते. एक भाकरीचा, जाड लोखंडी, चुलीवरून क्वचितच उतरणारा. दुसरा पत्र्याचा, कडेला चिरलेला. तो परसात तीन दगडांवर चढायचा आणि त्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली जायची. मग ती चुरायची, वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरायची. ही मिश्री. भाजताना सगळं परस धुराने भरून जायचं आणि आम्हा पोरांना तिकडे फिरकायची बंदी असायची. तरीही बार्शी तालुक्यातलं ते घर आठवायला बसलं की आम्हा नऊही भावंडांना आधी तोच वास आठवतो, भाकरीचा नंतर.

हे मुद्दाम आधी सांगतोय. आम्ही चुलत-सख्खी भावंडं आता साठीच्या पुढे-मागे आहोत. एकत्र जमलो की बोलणं हमखास जुन्या खाण्यापिण्यावर येतं, आणि प्रत्येकजण म्हणतो, तेव्हा कुणाला कसला आजार नव्हता. या बोलण्यात खरं पुष्कळ आहे. पण सगळंच खरं नाही.

खरं ते असं. ज्वारी आमच्याच काळ्या रानातली, मालदांडी. परतीच्या पावसानंतर पेरायची, जमिनीतल्या ओलीवर वाढायची आणि सुगी झाली की बळदात उतरायची. दोन्ही वेळा भाकरी. सोबत मटकी, हुलगा किंवा तूर, आणि रानात जे उगवलं असेल ते. करडईचा कोवळा पाला, चाकवत, पाथरी, कण्या घालून केलेली आंबट अंबाडी. तेल घाण्याचं, करडईचं, आणि चौदा माणसांना एकच डबा महिनाभर पुरवायचा असल्यामुळे भाजीवर तवंग कधी दिसायचा नाही. साखरेचा डबा वरच्या फळीवर, पाहुण्यांसाठी. सकाळी पोरांना ताक-कण्या. दुपारी भूक लागली तर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, तोही शेंगा निघालेल्या असल्या तर.

शाळा तीन मैलांवर. जाऊन-येऊन सहा मैल रोजचे पायांनी व्हायचे, रविवारी गुरांमागे त्याहून जास्त. याला व्यायाम म्हणायचं हे आमच्या गावीही नव्हतं. तालीम होती, ती कुस्तीसाठी. रात्रीचं जेवण दिवेलागणीआधी उरकायचं, कारण रॉकेल रेशनवर मिळायचं आणि ते जपून वापरावं लागायचं. अंधार पडला की अंथरुणं. लवकर जेवा, लवकर झोपा हा सल्ला आज डॉक्टर आम्हाला देतात. आजी मात्र कंदिलाची वात खाली करताना फक्त तेलाचा हिशेब करत होती.

म्हणून मी त्या दिवसांना शहाणपणाचे दिवस म्हणत नाही. पुष्कळसं टंचाईने घडवलेलं होतं. ७२च्या दुष्काळात ते उघडं पडलं. बळदाचा तळ दिसला, रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी आली. तिची भाकरी थापताना चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही. आई आणि काकी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. तिथे मिळणारी सुकडी त्या पदरात बांधून घरी आणायच्या. तिच्या गोडीसाठी आम्ही संध्याकाळी वेशीवर वाट बघत उभे राहायचो. त्या दोघींनी त्यातली किती खाल्ली असेल, हा प्रश्न तेव्हा आमच्यातल्या एकालाही पडला नाही.

इथेच त्या आठवणीची दुसरी बाजू सुरू होते. पंगत आधी पुरुषांची, मग पोरांची, मग आजीची. शेवटी आई आणि काकी एका ताटात. भाजी संपलेली असायची. चटणी आणि आमटीचं उरलेलं पाणी यांत भाकरी कुस्करून त्या जेवायच्या. पहाटे आडावरून बारा-पंधरा खेपा पाणी, मग दळण, भाकरी, मग शेत. पोटुशी असतानाही यात फरक पडत नसे. भूक मारायला मिश्री होती. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री भांडी घासल्यावर एकदा. दात स्वच्छ होतात म्हणून सुरू झालेलं हे बोट मग हिरडीवरून हटायचंच नाही. डबी रिकामी असली की काकीचं डोकं दुखायचं आणि घर म्हणायचं, हिचा स्वभावच तापट.

पुढे आम्ही शिकलो, पुण्या-सोलापुरात नोकरीला लागलो, एक भाऊ थेट नागपुरात. पायांची जागा स्कूटरने घेतली, शेंगदाण्यांची जागा चहा-खारीने. पगार होता, म्हणून तेल आणि साखर मोजायचं कारण उरलं नाही. जेवण टीव्हीवरच्या मालिकेप्रमाणे साडेनऊ-दहाला सरकलं. मागच्या दिवाळीत जेवणं झाली आणि नऊपैकी सहा जणांनी खिशातून, पर्समधून गोळ्यांच्या डब्या काढल्या. देशात मधुमेहाची माणसं दहा कोटींच्या वर गेल्याचं २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीतून समोर आलं. त्यांतली चार आमच्या त्या ओसरीवर बसली होती. आणि त्या चौघांत एकही जाडा नाही.

याचा उलगडा मला पुण्याच्या एका कामात सापडला. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भार बाया आणि त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बाळं वजनाने लहान, किडकिडीत, पण इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिलं तर त्या मानाने अंगात चरबी अधिक आणि स्नायू कमी. पुढे खाणं बदललं, हालचाल थांबली की अशा शरीराला साखरेचा त्रास लवकर गाठतो. पालेभाजी, दूध, फळं वारंवार खाणाऱ्या आयांची बाळं वजनाला बरी निघाली. शेतात आणि पाण्यासाठी फार राबणाऱ्यांची लहान. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते एक ताट आलं, दोघींचं. आम्ही ज्याला निरोगी घर म्हणत होतो, त्याची किंमत आमच्याआधी त्या दोघींनी मोजली होती, आणि तिची बाकी कदाचित आमच्या रक्तात उतरली.

त्या घरात जाणूनबुजून, ठरवून झालेला आरोग्याचा बदल मला एकच आठवतो आणि तो त्या दोघींनीच केला. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयातून १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यांत नोंदी ठेवणारे दवाखाने नव्हते, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरत, माणसं जमवून लक्षणं समजावून सांगत. आमच्याकडेही अशी एक बैठक झाली. तोंडात पांढरा चट्टा दिसला तर दाखवा, असं तिथे सांगितलं. काकीने घरी येऊन खिडकीतल्या आरशात गाल ओढून पाहिला आणि मुकाट्याने आईला बोलावलं. चट्टा होता. तपासणीत तो वाईट निघाला नाही, पण तंबाखू बंद करा असं निक्षून सांगितलं गेलं.

"आक्का, मला एकटीला नाय जमायचं," काकी म्हणाली.

"एकटीनं कशाला? दोघी मिळून सोडू," आई म्हणाली.

आईच्या तोंडात काहीही नव्हतं. तरी तिने सोडली. पहिला आठवडा भयंकर गेला. दोघींची डोकी ठणकायची, हात थरथरायचे, शब्दाला शब्द लागायचा. घरातल्या पुरुषांनी बाजारातून तंबाखू आणणं बंद केलं आणि त्याच पिशवीतून बडीशेप, फुटाणे आणले. आजीला तिची डबी सोडवली नाही, पण ती सुनांसमोर काढायची नाही एवढं तिने पाळलं. महिन्याभराने तो पत्र्याचा तवा मोडीत गेला. एकटीने दहा वेळा केलेला निश्चय टिकला नव्हता. घराने साथ दिली आणि तो टिकला.

आम्ही आता जे थोडं बदललं आहे ते याच रीतीने. कुणी एकट्याने पथ्य करायचं नाही. नागपूरचा भाऊ आणि वहिनी सकाळी तासभर चालतात, आणि ती दोघं निघाली की आम्हा सगळ्यांना फोन येतो. रात्रीचं जेवण आठच्या आत. घरात एकालाच वेगळा कमी मिठाचा स्वयंपाक नाही, सगळ्यांनाच कमी मीठ. दोन वेळांपैकी एकदा ज्वारी. सवयीमुळे सगळ्यांत अवघड गेलं ते हे, की भाकरी थापायला पुरुषांनी काटवटीपुढे बसायचं. माझ्या हातची अजून कडेला जाड होते.

गावाकडे गेलो की संध्याकाळी सगळे मिळून शेताच्या बांधापर्यंत चालत जातो आणि उजेड असताना परततो. काकी त्र्याऐंशीची आहे. ताटं मांडली की ती सवयीने चुलीकडे सरकते, पोरांचं होऊ दे म्हणते. मग धाकटी सून तिचा हात धरून तिला पाटावर आणते, पहिली भाकरी तिच्या ताटात पडते, आणि ती मोडेपर्यंत आम्ही थांबतो.