एकाच भिंतीच्या अल्याडपल्याड

आम्ही दोघी जावा. इचलकरंजीत घराला लागूनच आमचे आठ माग आहेत. भिंतीच्या पलीकडे मागांचा खडखडाट आणि अलीकडे आमचं स्वयंपाकघर. लिहितेय थोरली, पण यातलं निम्मं धाकटीनं सोसलेलं आणि पाहिलेलं आहे, म्हणून ‘आम्ही’.

गेल्या वर्षी धाकटीला दिवस गेले. त्याच सुमारास आमच्याकडे कांडी भरणाऱ्या बाईलाही दिवस गेले होते. धाकटीची बातमी दोन दिवसांत सगळ्या मोहल्ल्याला कळली. कांडीवालीची आम्हाला कळायला पाचवा महिना उजाडला, तीही अम्मींनी तिच्या चालण्यावरून ओळखली म्हणून. विचारलं तर म्हणाली, “काम काढून घ्याल वाटलं, भाभी.”

धाकटीची तपासणी महिन्याला, पुढे पंधरवड्याला, शेवटी दर आठवड्याला होत होती. तीन सोनोग्राफ्या झाल्या. खजूर, अंजीर, दूध, सगळं हातात मिळत होतं. सतवाशाला माहेरची माणसं आली, ओटी भरली. कांडीवाली त्या दिवशी मशीन बंद करून दारात उभी राहून बघत होती. तिलाही सातवाच चालू होता. आम्ही तिला बिर्याणीचा डबा दिला आणि त्यात आम्हाला फार बरं वाटलं.

तिच्या तपासण्या किती झाल्या होत्या? एक. सरकार निदान चार तरी व्हाव्यात म्हणतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते, ही सोय २०१६ पासून आहे. तिला ते आशाताईंनी सांगितलंही होतं. पण ९ तारखेला रांगेत उभं राहायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि ती मजुरी बुडवणारे आम्हीच. मोफत तपासणी तिला एका दिवसाच्या पगाराला पडत होती, हा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता.

रमजान आला. ती रोजे धरून कांडीवर उभी राहायची. अम्मींनी तिला समजावलं की गरोदर बाईला जिवाची किंवा बाळाची काळजी वाटली तर सवलत आहे, रोजे नंतर पुरे करता येतात. तिनं मान डोलावली. कामातून सवलत द्यावी, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याही तोंडून निघालं नाही.

ईदनंतर एका दुपारी ती मशीनपाशीच खाली बसली. ओठ पांढरे, पाय सुजलेले. धाकटी नववा महिना असूनही तिला रिक्षात घालून घेऊन गेली. हिमोग्लोबिन निघालं ६.२. गरोदरपणात ते ११ हवं आणि ७ च्या खाली गेलं की धोका, हे आम्हाला तोवर पाठ झालं होतं, कारण धाकटीचं १०.४ आलं तेव्हा घरात केवढा गोंधळ उडाला होता! लोहाच्या गोळ्या तिला मिळाल्या होत्या, पण उपाशीपोटी मळमळायचं म्हणून तिनं सोडल्या. ज्या घेतल्या त्या चहासोबत. चहानं लोह अंगी लागत नाही, एवढं सांगायला तरी कुणाला वेळ हवा होता.

कोल्हापूरला मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. रक्त हवं होतं. आमच्या यांनी आणि दोन मागवाल्यांनी दिलं. बाळ दिवसांआधी आलं, पावणेदोन किलोचं, मुलगी. दोघी वाचल्या, अल्हम्दुलिल्लाह. बाळंतपण, औषधं, जेवण, रक्त, कशालाच पैसे पडले नाहीत. ती सोय देशभर २०११ पासून आहे आणि ती खरोखर कामी आली, हेही सांगायला हवं. नाहीतर सरकारी म्हटलं की नाक मुरडायची आपल्याला सवय असते.

घरी आल्यावर मात्र तिच्या हाती काही नव्हतं. मातृवंदनेचे पैसे पहिल्या बाळासाठी, आणि दुसरी मुलगी झाली तर. तिचं हे तिसरं. जननी सुरक्षेचे शहरात ६०० रुपये, पण त्याला दारिद्र्यरेषेचा कागद लागतो. तिचं रेशनकार्ड विजापूरकडच्या गावचं, सासऱ्याच्या नावावर. पगारी बाळंतपणाची रजा कायद्यात २६ आठवड्यांची आहे, आधीची दोन मुलं असली तर १२. पण आमच्याकडे कामाला माणसं सहा. दहाच्या आत असलं की तो कायदा लागू होत नाही. यांनी ते वाचून दाखवलं तेव्हा, खरं सांगायचं, आधी आम्हाला हायसंच वाटलं.

बाविसाव्या दिवशी ती दारात उभी. घरभाडं थकलं होतं. आमच्या धाकटीला तेव्हा अम्मी खाटेवरून खाली पाय ठेवू देत नव्हत्या.

तिला आम्ही परत पाठवलं आणि चाळीस दिवस पुरे होईपर्यंतचा पगार दर आठवड्याला घरी पोचवला. शेजारचे मागवाले यांना म्हणाले, “तुम्ही सवय लावताय, उद्या आमच्याकडच्याही मागतील.” यांना त्यावर उत्तर सुचलं नाही, घरी येऊन आमच्यावर चिडले. मंदीत आठ मागांवर काय सुटतं ते आम्हालाही माहीत आहे. तरी कांडी मशीनपाशी आता एक उंच स्टूल आहे. सध्या दुसऱ्या कांडीवालीला चौथा महिना लागलाय. येत्या ९ तारखेला तिची पगारी सुट्टी वहीत आधीच लिहून ठेवली आहे, आणि तिच्यासोबत धाकटी जाणार आहे.