आईची बोटे आणि मोबाईल

माझ्या आईचे सारे आयुष्य शेतमजुरीत गेले. खुरपे धरून बोटांच्या रेषा झिजल्या, कातडी राठ झाली. मोबाईलच्या काचेवर ती बोट जोर लावून दाबते, तरी काही हलत नाही. नातवंडे हसतात, "आजीला जमत नाही!"

दोष आजीचा नाही. ती काच जोर ओळखत नाही. बोट टेकल्यावर विजेच्या भारात होणारा सूक्ष्म फरक ओळखते. कोरड्या, राठ बोटाला ती लवकर दाद देत नाही. उलट दाबून धरले की भलतेच काही उघडते. हे यंत्र कोणाचे बोट समोर ठेवून घडवले, हा खरा प्रश्न आहे.

मनात आणले तर सुधारणा होते. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०१४ साली 'जीवन प्रमाण' आले. त्यात झिजलेल्या बोटांचे ठसे जुळेनात. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली. माणूस तोच राहिला, यंत्र बदलले.

तथागतांनी धम्म ज्याच्या त्याच्या बोलीत शिकण्याची मुभा दिली. यंत्रानेही तसेच माणसाच्या जवळ यावे.

बंधू-भगिनींनो, तोवर घरात एवढे करा. मोबाईलची अक्षरे मोठी करा, आवाज वाढवा, घरच्यांच्या नावापुढे फोटो लावा. आणि फोन हिसकावून स्वतः लावून देऊ नका. वेळ लागू द्या, पण तिचा फोन तिलाच लावू द्या. स्वावलंबनाला वयाची अट नसते.

जयभीम!