नागासाकीचा ओला रविवार

वसईजवळच्या गासच्या माणसाला नागासाकी म्हटलं की आधी गोन्सालो गार्सिया आठवतो, बॉम्ब मागाहून. बाप पोर्तुगीज, आई इथलीच, जन्म सोळाव्या शतकाच्या मध्याला वसईत. पुढे मकावला व्यापार, मनिलात फ्रान्सिस्कन संघात प्रवेश, मग जपानमध्ये दुभाष्याचं काम. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर ज्या 26 जणांना क्रुसावर चढवलं, त्यातला हा एक. 1862 मध्ये रोमने त्या सगळ्यांना संत ठरवलं. आमच्या चर्चला त्याचंच नाव, वसईतल्या कॉलेजलाही त्याचंच. म्हणून 1993 च्या जूनमध्ये नवऱ्याची बोट दुरुस्तीसाठी नागासाकीच्या ड्राय डॉकमध्ये लागली आणि मीही तेव्हा बोटीवर होते, हे कळल्यावर सासूबाईंनी फोनवर तब्येत विचारायच्या आधी विचारलं, “संताच्या डोंगरावर जाऊन आलात का?”

आम्ही गेलो नव्हतो, कारण पाऊस. जपानी लोक या मोसमाला त्सुयु म्हणतात. आपल्याकडचा पाऊस धो धो पडून मोकळा होतो; हा दिवसभर नुसता भिजवत ठेवतो. ‘आजही नागासाकीत पाऊस होता’ अशा अर्थाचं एक गाणं 1969 पासून तिथे लोकप्रिय आहे म्हणतात, त्यात नवल काहीच नाही. पण रविवार आला, आणि मिस्सा चुकवणं आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. चर्च कुठे, मिस्सा किती वाजता, सांगणारं कुणी नाही. नवऱ्याने कागदावर क्रूस काढला, खाली घड्याळ काढलं आणि तो कागद डॉकच्या फाटकावरच्या माणसापुढे धरला. त्याने ट्रामचा नंबर लिहून दिला, तोही जपानी आकड्यात नाही, हे नशीब. ट्रामचं भाडं तेव्हा कुठेही जा, 100 येन. मात्सुयामा-माची नावाच्या थांब्यावर उतरून छत्री वाऱ्याशी झुंजवत आम्ही उराकामीच्या कॅथेड्रलला पोचलो.

आतलं काही म्हणता काही कळलं नाही. सासूबाई लॅटिन मिस्साच्या काळातल्या. त्या सांगायच्या, फादरांचं फादर बोलायचे, आम्ही आमची रोझरी म्हणायचो. त्या दिवशी मीही तेच केलं. पण रोझरी म्हणताना डोळे रिकामे राहतात. म्हाताऱ्या बायकांच्या डोक्यावर पांढरा जाळीचा व्हेल होता, आणि तो त्या मिस्सा संपताच चौकोनी घडी करून डबीत ठेवत होत्या. शांतीच्या वेळी हातात हात नाही, सगळे एकमेकांकडे वळून कमरेत वाकले. ‘पेत्रो’ ऐकू आलं तेव्हा शुभवर्तमानात पेत्र आहे एवढं समजलं आणि उरलेल्या गोष्टीचा अंदाज आम्ही आमचा बांधला. दोघांचे अंदाज वेगळे निघाले, हे बाहेर आल्यावर कळलं.

पायऱ्यांवर एका म्हाताऱ्याने आम्हाला गाठलं. आम्ही ‘इंडिया’ म्हटलं, त्याने मान डोलावली. नवऱ्याने ‘गोन्सालो गार्सिया, वसई’ म्हटलं आणि छातीवर हात ठेवला, तेव्हा मात्र त्याचा चेहरा पालटला. “गोन्झारो गारुशिया!” पुढे त्याने काही विचारलंच नाही. आमच्यासोबत ट्रामने आला, तीन नाणी स्वतःच टाकली आणि निशिझाकापर्यंत घेऊन गेला.

तिथे 1962 साली उभारलेलं फुनाकोशी यासुताके यांचं ब्राँझचं शिल्प आहे. 26 माणसं एका ओळीत. क्रूस नाहीत, खिळे नाहीत. पाय जमिनीवर टेकलेले नाहीत, बोटं खाली झुकलेली, जणू उचलली जाताहेत. पावसाचं पाणी त्या बोटांवरून गळत होतं. क्योतोत डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन थंडीत इथवर चालवत आणलेली माणसं ही. त्यात बारा-चौदा वर्षांची पोरंही. म्हाताऱ्याने गोन्सालो दाखवला आणि स्वतः चार पावलं मागे जाऊन उभा राहिला.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मुलीबरोबर पुन्हा गेले. पुन्हा रविवार, पुन्हा पाऊस, पण या वेळी कुठेच अडलं नाही. हॉटेलच्या खोलीतच तिने मिस्साची वेळ काढली, ट्राम किती मिनिटांत येईल ते काढलं, दुकानातून पारदर्शक छत्र्या आणल्या. मात्सुयामा-माची हे नाव शोधत मी थांब्यांची पाटी वाचत होते, तर तो थांबा 2018 पासून ‘पीस पार्क’ झालेला. प्रवाशांच्या सोयीचं आहे, तक्रार कसली करणार!

कॅथेड्रलबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, हेही कबूल. जिथे पूर्वी कोण ख्रिस्ती आहे हे ओळखण्यासाठी गावच्या मुखियाच्या घरी प्रभूच्या चित्रावर पाय द्यायला लावत, तीच जागा विकत घेऊन इथल्या ख्रिस्ती लोकांनी चर्च बांधलं. ते 1914 साली उभं राहिलं आणि 9 ऑगस्ट 1945 ला, बॉम्ब फुटला तिथून 500 मीटरवर, कोसळलं. उराकामीच्या 12 हजार कॅथलिकांपैकी सुमारे साडेआठ हजार गेले. दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून धड निघाली. दुसरीची जागा 80 वर्षं रिकामी होती. अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली आणि 2025 च्या 9 ऑगस्टला 11 वाजून 2 मिनिटांनी दोन्ही एकत्र वाजल्या. 1993 मध्ये मी त्याच मनोऱ्याखाली छत्री झटकली होती.

पूर्वी पाहिली नव्हती अशी मारियाही या वेळी पाहिली. जुन्या वेदीवरच्या लाकडी मूर्तीचं फक्त डोकं उरलेलं. आता ते शेजारच्या छोट्या चॅपेलमध्ये आहे. काचेचे डोळे गेले, तिथे दोन काळ्या खोबणी. गालावर जळल्याचा डाग. समोर गुडघे टेकून मला काही मागता आलं नाही.

मिस्साला मुलीने फोनवर वाचनं इंग्रजीत उघडली. कॅथलिक चर्चमध्ये बहुतेक जगभर त्या रविवारची वाचनं एकच असतात, त्यामुळे तिचा एकही शब्द सुटला नाही. मीही डोकावून वाचलं. सगळं समजलं, आणि पुढच्या बाकावर कोण बसलं होतं ते मात्र मला आज सांगता येणार नाही. मला आपलं वाटतं, परक्या गावच्या मिस्साला निदान एकदा काही न कळता बसावं. मुलीला हे साफ पटत नाही. तिच्या मते शुभवर्तमान ऐकायला जायचं असतं, बायकांचे व्हेल बघायला नाही.

दुसरा फरक जास्त बोचला. पायऱ्यांवर आम्हाला कुणी थांबवलं नाही. थांबवायचं कशाला? मागचे बाक व्हिएतनामी मुलामुलींनी भरलेले होते, कामासाठी आलेली. जपानी बायका अजून व्हेल घेतात, पण केस त्यांचे पांढरे. तेव्हा आम्ही दुर्मीळ होतो, म्हणून तर तो म्हातारा ट्राममध्ये चढला. आता आम्ही आणखी दोन परदेशी. एवढ्यात बघते तर मुलगी एका व्हिएतनामी पोरीशी फोनमध्ये बोलते आहे. फोन उलथा करून उत्तर ऐकते आहे. ती पोर वृद्धाश्रमात काम करते, संतांचा डोंगर तिने अजून पाहिलेला नाही. “मग चल की,” मुलगी म्हणाली, मराठीतच.

तर तिघी निघालो. ट्राममध्ये मी पर्समधून सुटी नाणी शोधेपर्यंत मुलीने कार्ड टेकवलं होतं.