दगडाने दगड

जालना जिल्ह्यात धातूची खाण नाही; जमिनीखाली जवळजवळ सगळा काळा बेसाल्ट. त्यामुळे धातूच्या खाणींवर चालणारी मालानेच माल फोडण्याची युक्ती इथे पाहायची ती खडी क्रशरवर, क्रशसँड म्हणजे दगड फोडून केलेली वाळू काढणाऱ्या व्हीएसआय यंत्रात. जॉ आणि कोन क्रशरमधून आलेली खडी त्यात वरून मधोमध पडते. उभ्या आसावर फिरणारा रोटर तिला सेकंदाला 50 ते 70 मीटर वेगाने भिरकावतो. भोवतीच्या कप्प्यांत सुरुवातीलाच खडीचा थर बसलेला असतो. पुढची खडी लोखंडावर नव्हे, त्या थरावर आदळते. रोटरच्या आतही तसाच थर जमतो. उघडे राहते ते फक्त खडी सुटते ते टोक. तिथली टंगस्टन कार्बाइडची पट्टी झिजते, आणि समोरासमोरच्या पट्ट्या जोडीनेच बदलाव्या लागतात. नाहीतर रोटरचा तोल जाऊन सगळे यंत्र थरथरते.

लोखंडी ऐरण लावली तर माल लवकर बारीक होतो, पण बेसाल्ट ऐरणी खातो. दगडावर दगड आपटला तर न फुटलेला माल चाळणीवरून पुन्हा फिरवावा लागतो, विजेचे बिल वाढते. बदल्यात चपटे कण मोडून दाणा गोलसर उतरतो. सळईसाठी नावाजलेल्या जालन्यात लोखंड वाचवायचा हा हिशेब गमतीचा, पण खरा.

खनिज कारखान्यांत हेच काम फिरत्या ढोलात चालते. पोलादी गोळ्यांच्या गिरणीत टनामागे साधारण अर्धा ते एक किलो पोलाद झिजून जाते. स्वीडनमधल्या आयटिक तांबेखाणीत 22.5 मेगावॅटच्या दोन गिरण्या गोळ्यांवाचून, खनिजाच्याच धोंड्यांवर चालतात. अडचण मधल्या गोट्यांची, साधारण 25 ते 75 मिलिमीटरच्या: दुसऱ्याला फोडायला हलके, स्वतः फुटायला चिवट. ते साठले की ढोल तुंबतो. मग ते काढून वेगळे फोडतात, किंवा थोडे गोळे घालून तडजोड करतात.

या पद्धतीत फोडणारा आणि फुटणारा एकच, म्हणून खरी पारख खाणीतच होते. दख्खनच्या थरांत घट्ट बेसाल्टलगतच झिओलाइटने भरलेल्या पोकळ्यांचा नरम दगड येतो. तो मिसळला तर दुसऱ्याला फोडत नाही, स्वतःचेच पीठ करतो. आयएस 383 या भारतीय मानकाप्रमाणे क्रशसँडमध्ये 75 मायक्रॉनखालची भुकटी 15 टक्क्यांपर्यंत चालते; त्यापुढे वाळू धुण्याचा खर्च. त्यापेक्षा डबर भरतानाच झिओलाइटच्या पांढऱ्या ठिपक्यांचा दगड बाजूला काढणे स्वस्त पडते.