हेक्टरचं शिरस्त्राण आणि बाबांचं हेल्मेट

ग्रीक पुराणकथा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? वीज फेकणारा झ्यूस, हर्क्युलिस, ट्रॉयचा लाकडी घोडा? मलाही तेवढंच माहीत होतं. बी.ए.ला होमरचं 'इलियड' भाषांतरात वाचलं आणि मनात घर करून राहिला तो हरलेल्या बाजूचा माणूस, हेक्टर.

इंग्रजी घेण्यावरून आमच्या घरी मोठं भांडण झालं होतं. बाबांचं बडोद्यात ग्रिल-गेट बनवायचं छोटंसं वर्कशॉप आहे. मी कॉमर्स घ्यावं, पुढे हिशेब सांभाळावा, असं त्यांना वाटायचं.

"परक्यांच्या गोष्टी वाचून पोट भरणार आहे का?" ते म्हणाले.

"लोखंड कापून तरी कुठे भरलंय?" मी फाडकन बोलून गेले.

बाबा भरल्या ताटावरून उठले. फी त्यांनीच भरली, पण त्यानंतर आमचं बोलणं "जेवलीस का?" आणि "हो" एवढ्यावर आलं.

हेक्टर म्हणजे ट्रॉयचा राजा प्रायम याचा मुलगा. समोरचा अकिलीस समुद्रदेवता थेटिसचा पुत्र. हेक्टरचे आई-वडील मात्र दोघंही माणसंच. युद्धात देवांचेही दोन तट पडलेले. हेरा आणि अथेना ग्रीकांकडून, अपोलो आणि अफ्रोडायटी ट्रॉयकडून.

'इलियड'चे 24 भाग आहेत. सहाव्या भागात हेक्टर रणांगणावरून थोडा वेळ शहरात येतो. बायको अँड्रोमाकी त्याला विनवते, परत जाऊ नकोस. तिचे वडील आणि सात भाऊ अकिलीसने मारलेले असतात. तिला आता हेक्टरशिवाय कुणी नाही. पण तो थांबू शकत नाही. जाण्याआधी बाळाला घ्यायला हात पुढे करतो, तर बाळ दाईला बिलगून रडायला लागतं. बापाचं चकाकणारं शिरस्त्राण आणि त्यावरचा हलणारा घोड्याच्या केसांचा तुरा बघून ते घाबरलेलं असतं. आई-बाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, बाळाचा पापा घेतो आणि देवांकडे मागतो की, लोकांनी म्हणावं, हा मुलगा बापापेक्षा सरस निघाला.

होस्टेलवर हे वाचताना मला आईने सांगितलेली गोष्ट आठवली. मी दीड वर्षाची असताना ती मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेली होती. वेल्डिंगचं काळं हेल्मेट घातलेले बाबा वळले आणि मी किंचाळले. त्यांनी हेल्मेट बाजूला टाकलं, हात पुसले आणि मला उचलून घेतलं. मी मोठी झाले आणि ते हेल्मेट तेवढं लक्षात ठेवलं.

नोकरी लागल्यावर गेल्या दिवाळीत घरी गेले होते. दुपारी डबा घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. बाबा जेवत होते. काय बोलावं सुचेना, म्हणून मी हेक्टरची गोष्ट सांगायला लागले. ते ऐकत होते. अकिलीसशी शेवटची लढाई झाली तेव्हा अपोलो हेक्टरला सोडून गेला, अथेनाने तर त्याच्या भावाचं रूप घेऊन त्याला फसवलं, हेही सांगितलं.

"आणि त्या पोराचं काय झालं?" बाबांनी विचारलं.

मी गप्प झाले. पुढच्या कथांमध्ये ट्रॉय पडल्यावर त्या बाळाला तटावरून खाली फेकतात. खोटं सांगावंसं वाटलं, पण सांगितलं खरंच.

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "देवांनी दिलं नाही, ती गोष्ट वेगळी. बापाने मागितलं ना."

"बाबा, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

"कधी?" त्यांनी विचारलं. त्यांना चांगलं आठवत होतं, हे मला दिसत होतं.

ते उठले, हेल्मेट हातात घेतलं. घालण्याआधी माझ्याकडे बघून म्हणाले, "लांब उभी राहा, डोळ्यांना त्रास होईल. आणि संध्याकाळी त्या अकिलीसचं सांग. त्याच्या बापाचं काय झालं ते."